हॅमॉकखालची डाऊनची रजई घरी शिवताना : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की हॅमॉकवाल्यांची, म्हणजे दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधून झोपणाऱ्यांची, पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांनी एकच विषय धरला आहे: हॅमॉकच्या खाली बाहेरून बांधायची पिसांची रजई, म्हणजे अंडरक्विल्ट, घरी शिवता येईल का? येईल. मात्र कापड कापण्याआधी खालची मापं कागदावर एकदा मांडून बघा. ही रजई बिघडते ती बहुधा कात्रीखाली, मशीनवर क्वचितच.

प्रश्न : चोर्ला घाटाच्या बाजूला मित्राच्या शेतात आम्ही हॅमॉक बांधून झोपतो. अंगावर चांगली स्लीपिंग बॅग असते, तरी पहाटे पाठ गार पडते. आत दोन ब्लँकेटं अंथरली तरी तेच. मग खालून रजई बांधून असा काय फरक पडणार? (निपाणी)

ब्लँकेट ऊब तयार करत नाही. अंगाची उष्णता त्याच्यातल्या अडकलेल्या हवेत टिकून राहते, एवढंच. अंगाखाली आलेलं ब्लँकेट वजनानं दबतं, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. जमिनीवर निदान खालून वारा लागत नाही. हॅमॉकच्या पातळ नायलॉनला मात्र रात्रभर वाहती हवा चाटून जाते. त्यामुळे एरवी सुखाची वाटणारी वीस-एकवीस अंशांची रात्रही हॅमॉकमध्ये पाठीला बोचते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारावर आला की आत कितीही ब्लँकेटं घाला, पाठ गारच राहणार.

अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेर, त्याच्या पोटाला टेकून लोंबते. तिच्यावर वजन येत नाही, म्हणून ती पूर्ण फुगलेली राहते.

स्वस्तात भागवायचं तर फोमची योगा मॅट आत घाला. तो फोम फारसा दबत नाही, म्हणून काम करतो. पण मॅट रात्री सरकते, खांदे तिच्या बाहेर येतात आणि पाठीला घाम धरतो.

प्रश्न : मी ब्लाऊज आणि पडदे शिवते. माझ्याकडं साधं पायमशीन आहे. दहा अंशांच्या थंडीला पुरेल अशा रजईची मापं, सामान आणि शिवण्याचा क्रम सांगाल का? (वडगाव, बेळगाव)

ब्लाऊज जमतो त्याला हे अवघड नाही. टिपा सगळ्या सरळ आहेत. कापड निसरडं आहे, तेवढीच अडचण.

पहिली रजई पाऊण लांबीची करा: १३० सेंटीमीटर लांब, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत. पोटऱ्यांखाली फोमचा तुकडा टाकला की झालं. आत लांबीच्या दिशेनं आठ कप्पे धरा. कप्प्यांमध्ये जाळीच्या ४ सेंमी उंच भिंती येतील. एवढ्या जाडीची रजई बहुतेकांना पाच अंशांपर्यंत पुरते, म्हणजे दहा अंशांना थोडी शिल्लक राहते.

सामान असं: पिसं न गळणारं हलकं रिपस्टॉप (फाट पसरू न देणाऱ्या चौकडी विणीचं) नायलॉन, चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम वजनाचं, १५० सेंमी पन्ह्याचं ३ मीटर. अगदी बारीक भोकांची मच्छरदाणीची जाळी अर्धा मीटर. पॉलिएस्टर दोरा, सुती नको, तो ओल धरून कुजतो. तीन मिलिमीटर जाडीचा इलास्टिक दोर ६ मीटर, दोन दोर-लॉक (दोर ओढून जागी अडकवायच्या छोट्या कळा), दोन छोट्या कडीचे हूक. आणि ८०० फिल पॉवरचं डाऊन, म्हणजे पाणपक्ष्याचं मऊ पीस, २२० ग्रॅम (फिल पॉवर म्हणजे काय ते भरणीत सांगतो).

कापणी. आतलं कापड, म्हणजे हॅमॉकला टेकणारं, ११५ × १३३ सेंमी. बाहेरचं १३१ × १३३. दोन्हींत चारी बाजूंनी दीड सेंमी माया धरली आहे. जाळीच्या सात पट्ट्या, प्रत्येकी ६ सेंमी रुंद आणि १३३ लांब. त्यातली एकेक सेंमी वर-खाली टिपेत जाते, उभी राहते ती ४. नायलॉनच्या कडा लगेच सुटतात, त्यामुळे कापल्यावर मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन फिरवून त्या वितळवून घ्या. हे पिसांची पिशवी उघडण्याआधी उरका.

आखणी. दोन्ही कापडांच्या आतल्या बाजूला माया सोडून सात रेघा मारायच्या: आतल्या कापडावर दर १४ सेंमीवर, बाहेरच्यावर दर १६ सेंमीवर. रेघांना एक ते सात आकडे घाला. शिवाय प्रत्येक रेघेवर आणि प्रत्येक पट्टीवर दर ३० सेंमीला आडवी खूण करा. ही खूण चुकवली तर कापड टिपेखाली सरकत जातं आणि शेवटी एक बाजू दोन-तीन सेंमी लांब निघते. मग सगळी रजई पिळवटते.

शिवण. सुई १० नंबरची, नवी. टीप ३ मिमीची. फार बारीक टीप मारली तर कापडाला तिकिटासारखी भोकं पडतात आणि त्या रेघेत ते फाटतं. वरचा ताण थोडा सैल करा. कापड दातांखाली ओढलं जात असेल तर खाली पातळ कागद घाला, टीप झाल्यावर फाडून टाका. टाचण्या फक्त मायेत. मधे कुठं टोचाल तिथून पीस वाट काढतं. त्यापेक्षा कपड्यांचे चिमटे बरे.

आधी सातही पट्ट्या आतल्या कापडावर शिवून घ्या. मग एका कडेपासून सुरुवात करून एकेक पट्टी बाहेरच्या कापडाच्या त्याच आकड्याच्या रेघेला जोडत जा आणि झालेला भाग गुंडाळत पुढं सरका. मधून सुरुवात केली तर शेवटच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचत नाही. पट्ट्या झाल्या की दोन्ही लांब कडा बंद करा, नंतर एक आखूड कड. आखूड कडेला बाहेरचं कापड प्रत्येक कप्प्यात २ सेंमी जास्त भरेल. तिथं कप्प्यामागे एक चूण घाला. पट्टीचं टोक या टिपेत अडकलंच पाहिजे. ते सुटलं तर तिथून पीस शेजारच्या कप्प्यात जातं.

भरणी. डाऊनचा दर्जा फिल पॉवरच्या आकड्यात सांगतात: एक औंस पीस किती घनइंच जागा भरतं तो हा आकडा. ८०० चं पीस ग्रॅमला साधारण ४६० घनसेंमी भरतं. आपला मधला कप्पा १३० लांब, सरासरी १५ रुंद आणि कापड फुगतं हे धरून ५ सेंमी उंच, म्हणजे ९,७५० घनसेंमी. भागाकार २१ ग्रॅम येतो. त्यावर पाव हिस्सा जास्त घाला म्हणजे पीस एका जागी राहतं: २६ ग्रॅम. कडेच्या दोन कप्प्यांना बाहेरून भिंत नसते, ते उतरते असतात. तिथं २० ग्रॅम पुरे. सगळं मिळून १९६ ग्रॅम. २२० मधलं वर उरलेलं थोडं उडून जातं, थोडं दुरुस्तीला ठेवायचं.

भरायची जागा म्हणजे न्हाणीघर. पंखा बंद, खिडकी बंद, फरशी ओलसर, नाकातोंडाला मास्क. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक कप्प्याचं पीस वेगळ्या पिशवीत तोलून, सगळ्या पिशव्या आधी तयार ठेवा. कापडाच्या ठाणाच्या आत पुठ्ठ्याची नळी असते, ती कापडाच्या दुकानात मागून घ्या. नळीत पीस दाबून भरायचं, नळी कप्प्याच्या तळापर्यंत घालायची आणि काठीनं ढकलत ढकलत मागं ओढायची. भरलेल्या कप्प्याचं तोंड चिमट्यानं बंद. आठही झाले की तीच चुणीची टीप दुसऱ्या कडेला मारा. टिपेच्या रेघेत पीस आलं तर ते तिथं अडकून बाहेर डोकावत राहतं, म्हणून आधी हातानं मागं सारा.

शेवटी उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांचे चारी कडांना २ सेंमीचे नेफे. लांब बाजूंच्या नेफ्यांत सव्वादोन-सव्वादोन मीटर इलास्टिक घाला. दोन्ही इलास्टिकांची डोक्याकडची टोकं एका हुकात, पायाकडची दुसऱ्यात, आणि हे हूक हॅमॉकच्या दोन टोकांना. नेफ्याच्या मध्यावर इलास्टिक एका टाक्यानं पक्कं करा, नाहीतर रजई एका बाजूला गोळा होते. आखूड बाजूंना प्रत्येकी सत्तर सेंमी इलास्टिक आणि दोर-लॉक. तयार रजई चारशे ग्रॅमच्या आसपास भरते.

प्रश्न : आमचा टेलर म्हणतो, आतलं आणि बाहेरचं कापड सारख्याच मापाचं घ्या, नाहीतर झोळ येणार. खरं काय? (हुक्केरी)

टेलरचं म्हणणं पलंगावरच्या रजईला लागू. ही रजई माणसाभोवती अर्धगोल वळते. ४ सेंमी जाडीच्या अर्धगोलात बाहेरचा घेर आतल्यापेक्षा साडेबारा सेंमीनं जास्त असतो (चार गुणिले ३.१४). दोन्ही कापडं सारखी घेतली तर बाहेरचं ताणून बसतं, पीस दोन्हींच्या मधे चेंगरतं आणि इतका खटाटोप करून जाडी दीड-दोन सेंमीच मिळते. वरच्या मापांत सोळा सेंमी जास्त आहेत. साडेबारा वळणासाठी आणि उरलेले कप्पा फुगायला. जमिनीवर पसरल्यावर ती वेडीवाकडी, झोळ आल्यासारखी दिसते. दिसू द्या.

प्रश्न : भिंती न लावता गोधडीसारख्या आरपार टिपा मारल्या तर? (खानापूर)

काम निम्मं होतं, पण प्रत्येक टिपेवर जाडी शून्य. आठ कप्प्यांच्या सात गार रेघा पाठीला मोजता येतात. पंधरा अंशांच्या वर चालून जाईल. खानापुरात जानेवारीत नको.

प्रश्न : आमच्याकडं कोंबड्या आहेत, शेजारी बदकं पाळतात. शेतात सावरीचं झाडही आहे. विकतचं महाग पीस घ्यायचं कशाला? (खानापूर तालुका)

कोंबडीच्या पिसाला मधे कणा असतो. तो कापड टोचून बाहेर येतो आणि पीस फुगतही नाही. डाऊन म्हणजे पाणपक्ष्याच्या छातीवरचं बिनकण्याचं, म्हातारीसारखं फुलणारं पीस. ते हंस आणि बदक जातीत मिळतं. बदकाचं चालेल, पण एका पक्ष्याचं काही ग्रॅमच निघतं. त्यातली चरबी, धूळ आणि किडे काढायला साबणाच्या कोमट पाण्यात बऱ्याच वेळा धुऊन पूर्ण वाळवावं लागतं. घरगुती पिसाला वास राहतो तो इथंच कमी पडल्यामुळे. आणि जिवंत पक्ष्याचं पीस उपटू नये, हे सांगायची वेळ येऊ नये.

सावरीचा कापूस हा प्रश्न जास्त चांगला आहे. त्याचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो, वजनाला हलका, पाणी पटकन धरत नाही. उशीला उत्तम. पण तंतू ठिसूळ. रजई पुन्हापुन्हा पिशवीत कोंबली की त्याचा चुरा होऊन गाठी बसतात आणि फुगवटा परत येत नाही. शेतातल्या आंब्याला कायमचा हॅमॉक बांधून ठेवणार असाल आणि रजई घडी न घालता घरात टांगणार असाल, तर सावरी वापरून बघायला हरकत नाही. पाठीवर न्यायची असेल तर नको. ज्वाळेपासूनही जपा, हा कापूस भुर्रकन पेटतो.

जुनं डाऊन जाकीट फाडून पीस काढणं हा स्वस्तातला चांगला मार्ग आहे. आकडा ६५० असेल तर ग्रॅमला ३७५ घनसेंमी धरा. मधल्या कप्प्याला ३२-३३ ग्रॅम लागेल, एकूण सुमारे २४५. पिसांच्या उशा मात्र लेबल वाचून घ्या, त्यांत बहुतेक वेळा कण्याचीच पिसं जास्त असतात.

प्रश्न : खडेबाजारात स्वस्त पॅराशूट कापड मिळालं. ते चालेल? (शहापूर, बेळगाव)

कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. हवा सहज आरपार गेली तर पीस गळणार. अजिबात गेली नाही, तर आतून रबरी लेप आहे. पिशव्यांच्या आणि गाड्यांच्या कव्हराच्या कापडाला तो असतोच. त्यात अंगाची वाफ कोंडते, पहाटे पीस दमट होतं, शिवाय दाबलेली रजई हवा आत न घेतल्यामुळे नीट फुगत नाही. जोर लावल्यावर थोडी हवा जाते ते कापड बरोबर. एक बाजू गरम रुळाखालून काढलेली, किंचित चकाकणारी असते. ती बाजू आत, पिसाकडं ठेवा.

प्रश्न : शिवून झाली, पण टिपांमधून पिसं बाहेर येतात. (चिकोडी)

तुम्ही जाड सुई वापरली असणार. चौदा-सोळा नंबरची सुई पातळ नायलॉनला दोऱ्यापेक्षा मोठं भोक पाडते. एखाददुसरं पीस येत असेल तर ओढून काढू नका. ओढलं की त्याच्या मागून दुसरं येतं आणि भोक मोठं होतं. मागच्या बाजूनं चिमटीत धरून आत खेचा आणि टिपेवर नखानं घासा. संपूर्ण टीपच गळत असेल तर कडेच्या टिपांना पातळ पट्टीची गोट लावा. मधल्या टिपांवर शिवण सीलर (टिपांची भोकं बुजवणारा लेप) पाण्यासारखा पातळ करून ब्रशनं लावा. उसवून परत त्याच रेघेत टीप मारू नका, भोकं दुप्पट होतात.

प्रश्न : रजई जाड आहे, पीसही चांगलं, तरी कमरेखाली हातभर पट्टा गार पडतो. (अनगोळ)

रजईत दोष नाही, टांगणीत आहे. हॅमॉक आणि रजई यांच्यात फट राहिली की गार हवा त्यातून वाहते, आणि मग जाडीचा काही उपयोग होत नाही. आत झोपा आणि दुसऱ्याला खालून हात फिरवायला सांगा. रजई हॅमॉकला टेकलेली, पण तळहातानं वर उचलली तर दोन-तीन सेंमी दबेल इतकी मऊ लागली पाहिजे. लोंबत असेल तर लांब बाजूंचं इलास्टिक दोन्हीकडून पाच-पाच सेंमीनं आखूड करा. टणक लागत असेल तर उलट करा. चेंगरलेलं पीसही गारच.

आखूड बाजूंचे दोर-लॉक सैल असणं हे दुसरं कारण. डोक्याकडून वारा आत शिरतो आणि सापडतो कमरेला. ती तोंडं हॅमॉकला लागेपर्यंत ओढा, पण त्याहून जास्त नाही, नाहीतर मधला भाग खाली पडतो. हॅमॉकमध्ये तिरकं झोपत असाल, आणि तसंच झोपावं, तर रजईसुद्धा थोडी तिरकी सरकवा: खांदा ज्या बाजूला जातो तिकडं डोक्याकडची कड.

हे सगळं करूनही राजहंसगडासारख्या उघड्या माथ्यावर गार लागलं, तर तो वारा आहे. हॅमॉकवरची ताडपत्री खाली ओढून बांधा किंवा रजईच्या खालून एक पातळ नायलॉन लावा. गार पट्टा पडतो का हे तपासायचं तर आडोशाला तपासा.

प्रश्न : पावसाळ्यात कणकुंबीला चालेल का? (जांबोटी)

नाही. मलप्रभेच्या उगमाशी जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. रजईवर थेंब न पडताही पीस दमट होऊन बसतं. पावसाळ्यासाठी त्याच मापात पॉलिएस्टर शीटची वेगळी रजई करा. चौरस मीटरला सुमारे ८० ग्रॅमची, अखंड तंतूंची शीट मिळाली तर मधे टिपा लागतच नाहीत, कडा शिवल्या की झालं. साधी पॉलिफिल शीट चौरस मीटरला २०० ग्रॅमची एक थर पुरते, पण तिला दर वीस सेंमीला टीप हवी, नाहीतर ती तुटून तळाशी जमते. इथंही बाहेरचं कापड थोडं मोठं घ्या, मधल्या टिपा दोन्ही कापडांवर तशाच वेगवेगळ्या अंतरानं आखा.

जाता जाता: तुमच्या बाजूचं बरंचसं जंगल भीमगड अभयारण्यात येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं मुक्काम करता येत नाही. गवे आणि अस्वलं आहेत ते वेगळंच. मालकाला विचारून शेताच्या बांधावरचं आंबा-जांभळाचं झाड शोधा, आणि खोडाला दोर न बांधता किमान अडीच सेंमी रुंदीचा पट्टा वापरा. सुपारीला हॅमॉक बांधू नका, ती वाकते.

प्रश्न : धुवायची कशी? लाँड्रीवाला ड्रायक्लीन करतो म्हणतो. (संकेश्वर)

ड्रायक्लीनच्या द्रावणानं पिसातलं नैसर्गिक तेल निघून जातं, पीस ठिसूळ होतं. वर्षातून एकदा धुतली तरी खूप. टबात कोमट पाणी आणि डाऊनसाठीचा सौम्य साबण. नेहमीची पावडर आणि कापड मऊ करणारं द्रावण दोन्ही नको. घासू नका, पिळू नका, तळव्यांनी दाबत राहा. साबण जाईपर्यंत तीन-चार पाणी बदलावं लागतं. ओली रजई एका टोकानं उचलली तर पाण्याच्या वजनानं आतल्या जाळीच्या भिंती उसवतात, आणि ती दुरुस्ती करायला सगळी रजई उघडावी लागते. दोन्ही हात खाली घालून, परातीत घेतल्यासारखी उचला.

जाळीच्या खाटेवर पसरून विरळ सावलीत वाळवा. दर दोन-तीन तासांनी उलटी करून ओल्या गाठी बोटांनी कापडावरूनच सोडवा. एप्रिलच्या कडक उन्हातही दोन-तीन दिवस लागतात. कप्प्यात खड्यासारखं काही लागत असेल तोवर आत ओल आहे. पूर्ण वाळल्यावर सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून उंचावर टांगा. पत्र्याच्या ट्रंकेत दाबून ठेवली तर पीस कायमचं बसतं, आणि पावसाळ्यात तिथं कुबट वास धरतो. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली की आधी एक दिवस उन्हात फुगू द्या, मग प्रत्येक कप्पा चाचपून पीस एका टोकाला गेलं असेल तर झटकून सारखं करा.